ऑनलाइन रिव्ह्यू: घेताना कसे वाचायचे, विकताना कसे सांभाळायचे

वस्तूखाली ४.३ स्टार दिसले की तो आकडा आपण त्या वस्तूचे मार्क म्हणून वाचतो. पण त्या एका आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. वस्तू कशी आहे, रिव्ह्यू कोणाकडून आणि कधी मागवले, आणि आलेल्यांपैकी कोणते लोकांना दिसू दिले. आपल्याला हवी असते पहिली गोष्ट, आणि ती हाती लागायची तर उरलेल्या दोन वेगळ्या काढाव्या लागतात.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले, रिव्ह्यू वाचून खरेदी करणारे. दुसरे, स्वतःच्या साइटवरून आंबे, मसाले, कोकम, साड्या विकणारे छोटे व्यावसायिक, ज्यांना रोज ठरवावं लागतं की आलेला रिव्ह्यू दाखवायचा की नाही. दोघांनी एकमेकांचा भागही वाचावा. रिव्ह्यू कसे गाळले जातात हे कळल्याशिवाय ते नीट वाचता येत नाहीत.

विकतचे रिव्ह्यू तयार कसे होतात

आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा आहे. 'मीडिएटर' म्हणवणारा माणूस वस्तूची लिंक टाकतो. ग्रुपमधला कोणीतरी स्वतःच्या खात्यातून, स्वतःचे पैसे भरून ती मागवतो आणि ऑर्डरचा स्क्रीनशॉट पाठवतो. वस्तू हातात आली की पाच स्टार देऊन चार ओळी लिहितो. रिव्ह्यू साइटवर दिसू लागला की त्याचा स्क्रीनशॉट आणि यूपीआय आयडी एका फॉर्ममध्ये भरतो, आणि पैसे परत मिळतात. कधी पूर्ण, कधी थोडे कापून. वस्तू त्याच्याकडेच राहते. काही विक्रेते तर वस्तूही पाठवत नाहीत, रिकामा डबा कुरिअर करतात.

इथे ऑर्डर खरी आहे, पत्ता खरा आहे, पैसे खरे भरलेले आहेत. त्यामुळे रिव्ह्यूवरचा 'व्हेरिफाइड परचेस' किंवा 'सर्टिफाइड बायर' हा शिक्काही खरा असतो. विकलं गेलेलं असतं ते मत. या खात्यातून ऑर्डर झाली, एवढीच हमी तो शिक्का देतो. शिक्का बघून निर्धास्त होणारे याच ठिकाणी फसतात.

अमेरिकेत हॉलनबेक, प्रोसर्पिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेसबुक ग्रुपमधून असे रिव्ह्यू विकत घेणाऱ्या वस्तूंवर लक्ष ठेवून २०२२ साली अभ्यास प्रसिद्ध केला. मोहीम चालू असेपर्यंत रेटिंग आणि विक्री दोन्ही चढतात. मोहीम थांबली की रेटिंग उतरतं आणि एक स्टारवाल्यांचं प्रमाण वाढतं. खऱ्या गिऱ्हाइकांचा राग मागाहून येतो, म्हणूनच पुढे सांगितलेली पहिली पायरी 'नवे आधी' ही आहे.

दुसरा प्रकार डब्यातल्या चिठ्ठीचा. 'पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, शंभर रुपये मिळवा.' मोठ्या बाजारपेठांच्या नियमांत याला मनाई आहे, तरी चिठ्ठ्या येत राहतात. अशी चिठ्ठी तुमच्या डब्यात निघाली तर त्या वस्तूचे बाकीचे पाच स्टार कुठून आले असतील याचा अंदाज बांधता येतो.

तिसरा प्रकार जोडाजोडीचा. जुन्या, चांगल्या चाललेल्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू 'दुसरा रंग' किंवा 'दुसरा साइज' म्हणून चिकटवायची, की जुनीचे हजारो रिव्ह्यू नवीला फुकट मिळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २०२३ साली व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणाऱ्या द बाउंटिफुल कंपनीवर नेमकी याच प्रकारासाठी कारवाई केली आणि ६ लाख डॉलर भरायला लावले.

चौथ्या प्रकारात खोटा रिव्ह्यू एकही नसतो. खऱ्यांमधले नकोसे अडवून ठेवलेले असतात. फॅशन नोव्हा या कपड्यांच्या कंपनीच्या साइटवर चार आणि पाच स्टारचे रिव्ह्यू आपोआप प्रसिद्ध होत आणि त्याखालचे मंजुरीसाठी अडकून राहत. २०२२ साली त्याच कमिशनबरोबरचं हे प्रकरण ४२ लाख डॉलरला मिटलं. दिसणारा प्रत्येक शब्द खऱ्या गिऱ्हाइकाचा असूनही सरासरी खोटी असू शकते ती अशी. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर फक्त चार आणि पाच स्टारच दिसत असतील तर दुसरीकडे त्याच वस्तूचे रिव्ह्यू शोधल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

वाचण्याची पद्धत: एक मिक्सर घेऊन

समजा ७५० वॅटचा मिक्सर घ्यायचा आहे. घरात रोज शेंगदाण्याचा कूट, ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि इडलीचं पीठ होतं. पंधरा-वीस मिनिटं आणि एक कागद पुरे.

पहिली पायरी: क्रम बदला. साइट आपणहून 'टॉप' रिव्ह्यू वर दाखवते, म्हणजे बहुधा लोकांनी 'उपयुक्त' म्हटलेले जुने रिव्ह्यू. ते 'नवे आधी' करा. कंपन्या मॉडेलचं नाव तेच ठेवून आतला माल बदलतात. तीन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू आज कारखान्यातून निघणाऱ्या मिक्सरबद्दल काही सांगेलच असं नाही. व्हेरिएंटची गाळणी असेल तर नेमका तुम्हाला हवा तो वॅटेज आणि जारची संख्या निवडा.

दुसरी पायरी: पाच ते एक स्टारच्या पट्ट्या बघा. खऱ्या वस्तूच्या पट्ट्यांचा आकार साधारण ठरलेला असतो: पाच सर्वांत लांब, मग चार, मग तीन, दोन सर्वांत आखूड, आणि एक पुन्हा थोडी लांब. फार खूश झालेला किंवा फार चिडलेला माणूस लिहायला बसतो, मधला बसत नाही. त्यामुळे एक स्टारची पट्टी दिसली म्हणून कोणी मुद्दाम बदनामी करतंय असं समजू नका. संशय घ्यावा तो पाचची पट्टी प्रचंड, चारची अगदी किरकोळ आणि एकची ठसठशीत असेल तेव्हा. विकत घेतलेले रिव्ह्यू जवळपास नेहमी पाचचेच असतात, म्हणून चारची जागा रिकामी राहते.

तिसरी पायरी: तारखा. नव्या रिव्ह्यूंवरून खाली सरकत जा आणि आठवड्याला किती आले ते ढोबळ मोजा. एरवी आठवड्याला पाच-सात येतात आणि मध्येच दहा दिवसांत शंभर पाच स्टार, तर ती गर्दी कशामुळे ते बघा. दसरा-दिवाळीच्या सेलनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत अशी गर्दी खरीही असते. पण खऱ्या गर्दीत तीन आणि एक स्टारवालेही असतात. फक्त पाचांची गर्दी खऱ्या विक्रीतून होत नाही.

चौथी पायरी: तीस रिव्ह्यू वाचा. दहा नवे एक स्टारचे, दहा तीन स्टारचे, दहा चार-पाच स्टारचे. सुरुवात तीनपासून करा. तीन स्टार विकत घेण्यात कोणाला रस नसतो, आणि तीन देणारा सहसा दोन्ही बाजू लिहितो: 'कूट बारीक होतो, पण चटणीच्या जारचं झाकण दाबून धरावं लागतं.' या एका वाक्यात पन्नास 'नाइस प्रॉडक्ट'पेक्षा जास्त माहिती आहे.

पाचवी पायरी: तक्रारी कागदावर चार रकान्यांत टाका. वाहतूक, विक्रेता, वापरणाऱ्याची चूक किंवा वेगळी अपेक्षा, आणि वस्तूतला दोष. मिक्सरच्या बाबतीत ही वाटणी अशी होते. 'डबा चेपलेला आला, जार फुटला' ही वाहतूक. 'बिल नाही, वॉरंटी कार्ड कोरं' हा विक्रेता. दुसऱ्या विक्रेत्याकडून तोच मिक्सर घेतलात तर ती अडचण येणार नाही. 'पहिल्याच दिवशी जळका वास आला' ही बरेचदा नव्या मोटरच्या वार्निशची बाब असते आणि थोड्या वापराने जाते. 'वाटण वाटताना बंद पडला, परत चालूच झाला नाही' हा रिव्ह्यू जपून वाचा. जार जास्त भरला की ओव्हरलोडचं बटण उडतं. ते मिक्सरच्या बुडाला, बहुधा लाल रंगाचं असतं आणि थोड्या वेळाने दाबलं की मिक्सर चालू होतो. ते माहीत नसलेला माणूस एक स्टार देऊन मोकळा होतो. पण 'चार महिन्यांत जारच्या बुडातून पाणी गळायला लागलं', 'कपलरचे दात दुसऱ्यांदा झिजले', 'सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पार्ट नाही' या तक्रारी चौथ्या रकान्याच्या. बुश (जारच्या बुडात पात्याचा दांडा धरणारा भाग), कपलर (जार आणि मोटर जोडणारी दातेरी चकती) आणि सुटे भाग, मिक्सर इथेच म्हातारा होतो.

आता फक्त चौथा रकाना मोजा. वीस टीकात्मक रिव्ह्यूंपैकी तिघांनी किंवा जास्त जणांनी, वेगवेगळ्या महिन्यांत आणि वेगवेगळ्या शब्दांत तोच दोष सांगितला असेल तर तो दोष खरा धरा. एकट्याचाच असेल तर तो खराब नग असू शकतो.

सहावी पायरी: चार-पाच स्टारवाल्यांत वेळ शोधा. 'आजच मिळाला, मस्त आहे' हा रिव्ह्यू रंग आणि पॅकिंगबद्दल आहे. टिकाऊ वस्तूसाठी त्याची किंमत शून्य धरा. 'सहा महिने झाले', 'दुसरं वर्ष', 'उन्हाळ्यात पापड-कुरडयांचं पीठ केलं' असं लिहिणारे शोधा; रिव्ह्यूंच्या शोधचौकटीत 'महिने', 'वर्ष', 'सर्व्हिस' असे शब्द देवनागरीत, रोमन लिपीतल्या मराठी-हिंदीत आणि इंग्रजीत टाकून पाहा. आपल्याकडे बहुतेक रिव्ह्यू रोमन लिपीत असतात, त्यामुळे नुसता देवनागरी शोध फारसं काही देत नाही.

सातवी पायरी संशय उरला असेल तरच. पाच स्टार देणाऱ्या पाच-सहा जणांच्या प्रोफाइलवर जा. एकाच दिवशी चार अनोळखी ब्रँडचे इअरफोन, केसांचं तेल, एलईडी माळ आणि वजनकाटा, सगळ्यांना पाच आणि सगळीकडे लांबलचक कौतुक: हे गिऱ्हाईक नव्हे, ग्रुपमधला माणूस. वस्तूचं पूर्ण जाहिरातीतलं नाव मॉडेल नंबरासकट वाक्यात पुन्हा पुन्हा येणं, फोटो घरातल्या ओट्यावरचे नसून पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे असणं, आणि दोष म्हणून 'फक्त रंगांचे पर्याय कमी' असं काहीतरी बिनधोक लिहिणं, हीसुद्धा लक्षणं. यांपैकी एखादं लक्षण खऱ्या माणसातही सापडतं. तीन-चार एकत्र दिसली तरच ते पान सोडा. भाषा मोडकी आहे म्हणून मात्र कोणाला खोटं ठरवू नका. खरी गिऱ्हाइकं घाईत, फोनवर, चुका करतच लिहितात. गुळगुळीत भाषा तर आता यंत्राकडून फुकट मिळते.

थोडे रिव्ह्यू असतील तर

सहा रिव्ह्यू आणि ५.० की चारशे रिव्ह्यू आणि ४.३? यासाठी सोपा हिशोब आहे. प्रत्येक वस्तूला ३.५ स्टारचे वीस काल्पनिक रिव्ह्यू आधीच मिळालेले आहेत असं धरा आणि सरासरी पुन्हा काढा. पहिलीचे ६ गुणिले ५, म्हणजे ३०, अधिक २० गुणिले ३.५, म्हणजे ७०. एकूण १०० भागिले २६, उत्तर ३.८५. दुसरीचे १७२० अधिक ७०, म्हणजे १७९०, भागिले ४२०, उत्तर ४.२६. चारशेवाली पुढे. रिव्ह्यू वाढत जातात तसा त्या काल्पनिक विसांचा प्रभाव आपोआप कमी होतो. आपल्या साइटवर वस्तूंचा क्रम लावणाऱ्यांनीही साध्या सरासरीऐवजी हाच हिशोब वापरावा, नाहीतर दोन नातेवाइकांनी पाच स्टार दिलेली वस्तू कायम वर राहते.

आता विकणाऱ्यांची बाजू

उदाहरण हापूस विकणाऱ्या बागायतदाराचं घेऊ, कारण त्यात रिव्ह्यूच्या बहुतेक अडचणी एकत्र येतात. माल नाशवंत, हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, वाहतूक दुसऱ्याच्या हातात, आणि फळ गिऱ्हाइकाच्या घरी पिकणार.

आधी नियम लिहा आणि साइटवर लावा. एक पान पुरतं. रिव्ह्यू कोण देऊ शकतो, कोणत्या कारणांनी आम्ही तो नाकारतो, किती तासांत निर्णय देतो, नाकारला तर लिहिणाऱ्याला कारण कळवतो, आणि सरासरी कशी काढतो. नियम आधी लिहिलेले नसले की प्रत्येक एक स्टारला नवं कारण सापडतं.

मागणी सगळ्यांकडे करा, एकाच शब्दांत. आधी 'खूश आहात का?' विचारायचं, हो म्हणणाऱ्याला रिव्ह्यूची लिंक आणि नाही म्हणणाऱ्याला तक्रारीचा फॉर्म द्यायचा, ही युक्ती बरेच सल्लागार शिकवतात. तो फॅशन नोव्हाचाच प्रकार आहे, फक्त दोन पायऱ्या आधी केलेला. गूगल मॅप्सच्या धोरणातही निवडक खूश गिऱ्हाइकांकडूनच रिव्ह्यू मागायला मनाई आहे.

वेळ मालावर ठरते. पेटी पोहोचली त्याच संध्याकाळी रिव्ह्यू मागितला तर 'आंबे कच्चे आले' हेच मिळणार, कारण हापूस अर्धकच्चाच पाठवतात आणि तो घरी चार-सहा दिवसांत पिकतो. मेसेज आठव्या ते दहाव्या दिवशी जावा. मसाल्याला पंधरा दिवस द्या, साडीला पहिली धुलाई होईपर्यंत महिना-दीड महिना. विजेच्या वस्तूला दोनदा विचारा, पंधरा दिवसांनी आणि सहा महिन्यांनी. आठवण एकदाच. मेसेज असा: 'नमस्कार. तुमची २ डझनाची पेटी ४ मे रोजी पोहोचली. आंबे कसे निघाले ते या लिंकवर लिहाल का? चांगलं-वाईट दोन्ही आम्ही दाखवतो.' बक्षीस नको. कूपन द्यायचंच असेल तर स्टार न बघता प्रत्येक लिहिणाऱ्याला द्या आणि रिव्ह्यूखाली 'या गिऱ्हाइकाला कूपन मिळालं' असं छापा. गूगल मॅप्सवर तेही चालत नाही.

ओळख पटवायला ऑर्डर नंबर आणि मोबाइलवरचा ओटीपी पुरेसा आहे. वूकॉमर्स (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवायचं प्लगइन) वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये, प्रॉडक्ट्स या भागात, फक्त 'व्हेरिफाइड ओनर'लाच रिव्ह्यू देता येईल आणि ती खूण नावापुढे दिसेल, अशा दोन चौकटी आहेत. दोन्हींवर टिक करा. वूकॉमर्सचे रिव्ह्यू वर्डप्रेसच्या कमेंट म्हणूनच साठतात, त्यामुळे 'डिस्कशन' सेटिंगही लागू होतं. तिथे प्रत्येक कमेंट हाताने मंजूर करायचा पर्याय निवडा. 'आधीची एक कमेंट मंजूर असेल तर पुढची आपोआप जाऊ द्या' यावर विसंबू नका. पहिल्यांदा 'छान' लिहून शिरलेला स्पॅमवाला दुसऱ्यांदा लिंका टाकतो.

यंत्राकडून फक्त अडवण्याचं काम घ्या, नाकारण्याचं नको. फोन नंबर, ईमेल, लिंक, आधी आलेला तोच मजकूर, एकाच इंटरनेट पत्त्यावरून तासाभरात तीन रिव्ह्यू, डिलिव्हरी होण्याआधीच आलेला रिव्ह्यू: यावर रिव्ह्यू रांगेत थांबावा आणि माणसाने बघावा. शिव्यांची तयार यादी इंग्रजीची असते. रोमन लिपीतल्या मराठी शिव्या एकाच शब्दाच्या पाच स्पेलिंगांत येतात आणि सुटतात, तर उलट निरुपद्रवी शब्द अडकतात. स्टार आणि मजकूर यांची फारकतही इथेच पकडा. 'एक नंबर आंबे' लिहून एक स्टार दिलेला असेल तर बोट चुकलं असण्याची शक्यता मोठी आहे. स्वतः स्टार बदलू नका, लिहिणाऱ्याला विचारा.

दाखवायचा की नाही

प्रत्यक्ष निर्णय कसे घ्यायचे ते नमुन्यांवरूनच कळतं.

'डझनात चार आंब्यांत साका निघाला.' जसाच्या तसा दाखवा. साका म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं; तो बाहेरून दिसत नाही, बागायतदाराचा त्यात हलगर्जीपणा असेलच असं नाही. पण गिऱ्हाइकाने चार आंबे फेकले हे खरं आहे. खाली तुम्ही भरपाई काय दिलीत ते लिहा.

'भंगार माल, पैसे वाया गेले.' दाखवा. शब्द लागट आहे, पण टीका मालावर आहे. कोणत्या पेटीबद्दल आणि नेमकं काय खराब होतं, हे उत्तरात विचारा.

'मालक चोर आहे, गावातल्या सगळ्यांना बुडवलंय.' जसाच्या तसा नको. स्वतःचा अनुभव आणि इतरांवरचे आरोप वेगळे करून पुन्हा लिहायला सांगा, सात दिवस द्या. परत आला की दाखवा, स्टार कितीही असोत.

'पेटी तीन दिवस डेपोत पडून होती, कुरिअरवाल्याचा नंबर अमुक.' नंबर झाका, तिथे 'नंबर काढला' असं स्पष्ट लिहा, बाकीचा मजकूर ठेवा. डिलिव्हरीची तक्रार 'मालाची नाही' म्हणून नाकारायचा मोह होतो. स्वतःच्या साइटवर कुरिअर तुम्हीच निवडलेलं असतं, म्हणून ती तक्रार तुमचीच. वाटल्यास 'माल' आणि 'पोहोच' असे स्टारचे दोन रकाने ठेवा.

जात, धर्म, बाईमाणूस यांवरून शिवीगाळ, दुसऱ्याच दुकानाचा रिव्ह्यू, जाहिरात: नाकारा, कारण कळवा.

एक प्रकार कौतुकाच्या वेषात येतो. जांभूळ-बियांची पावडर विकणाऱ्याला गिऱ्हाईक लिहितं, 'महिन्यात शुगर कमी झाली, गोळी बंद केली.' पाच स्टार आहेत, पण वाचून दुसऱ्याने गोळी बंद केली तर अनर्थ होईल. असा दावा आपल्या नियमांत नाकारण्याच्या कारणांत आधीच लिहून ठेवा, आणि त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला किंवा जाहिरातीत तर कधीच वापरू नका. गिऱ्हाइकाचं वाक्य तुम्ही जाहिरातीत घेतलं की तो तुमचा दावा होतो, आणि मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे.

वर्डप्रेसमध्ये मालकाला रिव्ह्यूचा मजकूर बदलता येतो. ते बटण वापरायचं नाही असा नियम करा, शुद्धलेखनासाठीसुद्धा नाही. एक अनुस्वार सुधारणारा हात पुढच्या वेळी एक विशेषण काढतो, आणि गिऱ्हाइकाने आधीचा स्क्रीनशॉट ठेवलेला असला तर तुमचे उरलेले सगळे रिव्ह्यू संशयात येतात.

प्रत्येक निर्णयाची नोंद साध्या एक्सेलमध्ये ठेवा: ऑर्डर नंबर, स्टार, आल्याची वेळ, निर्णयाची वेळ, निर्णय, नियम क्रमांक, कोणी घेतला. पाच स्टार असो वा एक, निर्णय ७२ तासांच्या आत. महिन्याच्या शेवटी दोन आकडे काढा. नाकारलेल्यांचं प्रमाण एक-दोन स्टारमध्ये किती आणि चार-पाचमध्ये किती? निर्णयाला लागलेला सरासरी वेळ दोन्हींकडे किती? वाईट रिव्ह्यू चौपट वेळ अडकून राहत असतील तर नियम कितीही चांगले लिहिलेले असोत, गाळणी वाकडी आहे. नाकारलेल्या दर वीसांतला एक रिव्ह्यू घरातल्या किंवा दुकानातल्या दुसऱ्या माणसाने पहिला निर्णय न बघता तपासावा.

हापूससारख्या मालाची सरासरी हंगामानुसार वेगळी दाखवा. गेल्या वर्षीचे ४.६ यंदाच्या झाडाला लागत नाहीत. जुने रिव्ह्यू पुसू मात्र नका, वर्ष लिहून खाली ठेवा.

उत्तर दोन दिवसांत द्या, चार वाक्यांत: काय घडलं ते मान्य, कारण माहीत असेल तर तेवढंच, काय भरपाई केली, पुढे काय बदललं. गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव, पत्ता, ऑर्डरचा तपशील उत्तरात उघड करू नका. 'रिव्ह्यू काढा मग पैसे परत करतो' हे तर बोलूच नका. परतावा त्याच्या हक्काचा आहे आणि रिव्ह्यू त्याचा.

नियम काय सांगतात

भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन रिव्ह्यू गोळा करणं, तपासणं आणि प्रसिद्ध करणं यासाठीचं मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ते ऐच्छिक म्हणून लागू झालं. लिहिणाऱ्याची ओळख ईमेल, फोन किंवा एसएमएस, लिंकवर क्लिक आणि कॅप्चा यांनी पटवणं, यंत्र आणि माणूस दोघांकडून तपासणी, आणि रेटिंगला वजन कसं दिलं जातं हे त्यात येतं. छोट्या दुकानदाराने आपलं नियमपत्र लिहिताना ते समोर ठेवावं.

ऐच्छिक नसलेली गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहायला मनाई आहे. स्वतःची साइट चालवणाऱ्यालाही हे लागू आहे. म्हणजे पुतण्याच्या आणि मेहुणीच्या खात्यातून टाकलेले दहा पाच स्टार ही घरगुती मदत नसून अडचणीत आणणारी गोष्ट आहे. म्हणजे पुतण्याच्या आणि मेहुणीच्या खात्यातून टाकलेले दहा पाच स्टार ही घरगुती मदत नसून अडचणीत आणणारी गोष्ट आहे.

खोटा रिव्ह्यू सापडला तर

आधी पुरावा: रिव्ह्यूचा, वस्तूच्या पानाचा आणि विक्रेत्याच्या नावाचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असा, डब्यातल्या चिठ्ठीचा फोटो दोन्ही बाजूंनी. मग साइटवरच्या 'रिपोर्ट'मधून कळवा आणि तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करून पोच घ्या. नुसतं 'खोटा वाटतो' लिहू नका. 'हेच चार वाक्यांचं कौतुक या तीन खात्यांतून एकाच दिवशी आलं आहे' असं लिहा. महिन्यात काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फसव्या रिव्ह्यूंना भुलून नुकसान झालं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारीचं शुल्क नाही.

तुमच्या दुकानावर कोणी खोटे एक स्टार टाकत असेल तर ऑर्डरच्या यादीशी ताडून पाहा, आणि उघड उत्तरात 'या नावाची ऑर्डर आमच्याकडे दिसत नाही, कृपया ऑर्डर नंबर खाजगीत कळवा' एवढंच लिहा. गूगलवर असेल तर धोरणातलं नेमकं कारण निवडून रिपोर्ट करा. बदल्यात पाच स्टार विकत घेऊ नका. तपासणी लागली तर तुमचेच रिव्ह्यू आधी उडतील.

'घरबसल्या रिव्ह्यू लिहा, प्रत्येकी ५० रुपये' असा मेसेज आला तर त्याला उत्तरही देऊ नका. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरंच देतात, मग 'प्रीमियम टास्क'साठी आगाऊ रक्कम भरायला सांगतात आणि ती परत येत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.